मारबतीबरोबर गेलेली होडी

समुद्र आमच्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, म्हणून बाबांनी शिडाची होडी आणली.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. साऱ्या जगाचे वारे त्यांना पाठ होते. आमच्या ब्रह्मपुरीकडच्या वाऱ्याची मात्र त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. तलावाकाठी रिसॉर्ट काढायला आलेल्या एका हौशी गृहस्थाचा बेत बारगळला. जाताना तो म्हणाला, "गुरुजी, हिची कदर तुम्हीच कराल," आणि होडी बाबांच्या गळ्यात घालून निघून गेला. (त्याला माणसांची पारख होती. पाण्याची नव्हती.) दोन चाकांच्या गाड्यावर बसून, ट्रॅक्टरमागे हेलकावे खात होडी घरी आली. मी तेव्हा सातवीत, चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात होते. आमच्याकडे 'सेलबोट' आहे असं मी वर्गात सांगितलं, तेव्हा मी एरवी बोलत नाही ते बरंच आहे असं वर्गाचं एकमत झालं.

होडी पाण्यात एकदाच उतरली. तिच्या पोटातून खाली सोडायची एक लांब फळी होती. तिच्यामुळे म्हणे होडी कलंडत नाही. खरंच कलंडली नाही! गावतलावात पाणी कमरेएवढं. फळी चिखलात रुतली आणि होडी तलावाच्या मधोमध पुतळ्यासारखी उभी राहिली. बाबा शिडाची दोरी धरून तासभर बसून होते. शेवटी मासे धरणारे नामदेवभाऊ पाण्यातून चालत तिच्यापाशी गेले.

"गुरुजी, ढकलू का?"

"थांब जरा. वारा येऊन राह्यला."

"कुठून?"

"नैर्ऋत्येकडून."

नामदेवभाऊंनी नैर्ऋत्येकडे पाहिलं. तिकडे आमच्या शेजारच्या शेवंताकाकूंची म्हैस होती.

त्यानंतर होडी गाड्यासकट अंगणात येऊन बसली ती बसलीच; चार माणसांनी जोर लावूनही हलली नाही. आई उन्हाळ्यात शिडावर मुगाच्या वड्या वाळत घालायची आणि कोंबड्या होडीत अंडी घालायच्या. घरात तिचा उपयोग झाला नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

यंदा मी दातांची डॉक्टर होऊन घरी परत आले. (हा व्यवसाय निवडण्याचं माझं एक खासगी कारण आहे. यात समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही.) घराच्या समोरच्या खोलीत दवाखाना काढायचं ठरलं. पेशंटची खुर्ची नागपूरहून पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी यायची होती. फोनवरच्या माणसाने बजावलं, "मॅडम, दरवाज्यापर्यंत गाडी लागली पाहिजे. नाई लागली तं आम्ही खुर्ची वापस नेतो. मंग दिवाळीनंतरच." आणि आमच्याकडे फाटकापासून दारापर्यंत आडवी होडी! खुर्ची गेली तर दवाखाना गेला, आणि दवाखाना गेला तर नागपूरला मामेबहिणीच्या ओळखीच्या एका मोठ्या क्लिनिकात रिसेप्शनवर हसून बोलायची नोकरी तयार होती. हसून! बोलायची!

मी कामाला लागले. आधी नामदेवभाऊंना होडी देऊ केली. ते तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "डॉक्टरीन बाई, यात मासे ठेवाचे कुठी? अन् हा खांब कायले आहे?" त्यांचा लाकडाचा डोंगा त्यांच्या आजोबांपासून चालू होता आणि त्याने कधीही वाऱ्याची वाट पाहिली नव्हती. मग मोबाइलवर जाहिरात टाकली. वरोऱ्याहून एकाने विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" राजुऱ्याहून एकाने विचारलं, "बैल जुंपता येतेत का?" मी दोघांनाही उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं आणि फोन बंद करून ठेवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेवंताकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "अवो बाई, मारबतीसंगं धाडा ना थे होडी! एकदा शिवेबाहेर गेली का कोणाची छाती आहे वापस आनाची?"

आईने हातातलं पीठ तसंच ठेवलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी गाव पळसाच्या फांद्या घेऊन निघतं. खोकला, खरूज, डास, ढेकूण, एकेकाचं नाव घेऊन "घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडतं, आणि सगळी पीडा फांद्यांबरोबर शिवेबाहेर टाकून येतं. टाकलेलं परत आणायचं नसतं.

"माझी होडी म्हणजे रोगराई आहे का?" बाबांनी विचारलं.

"अजी, रोगराई बरी," आई म्हणाली. "थे पावसाळा संपला का जाते तरी."

बाबा उठून अंगणात गेले आणि होडीत जाऊन बसले. पण मारबतीच्या सकाळी उठून बघते तर काय, त्यांनी होडीचा खांब उभा केला होता आणि त्यावर धुतलेलं शीड चढवलं होतं! "निरोप द्यायचा तर नीट द्यायचा," ते म्हणाले. शिडावर वड्यांचे पिवळे गोल डाग होते. लांबून नकाशासारखं दिसत होतं.

सगळं गाव फांद्या घेऊन आमच्या दारी आलं. फांद्या होडीत पडल्या, माणसांनी गाडा ढकलायला घेतला, आणि मी रांगेच्या अगदी शेवटी, कोणाला दिसणार नाही अशी चालू लागले.

"खासी-खोकला!"

"घेऊन जाय गे मारबत!"

"डास-मच्छर!"

"घेऊन जाय गे मारबत!"

शिवेजवळ शेवंताकाकूंनी मला शोधून काढलं. "अवो, डॉक्टरीन संगं आहे अन् मुकी! वरड ना माय तू बी!"

गाव थांबलं. गाडा थांबला. सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि मला एकाही रोगाचं मराठी नाव आठवेना. (इंग्रजीत चिक्कार आठवत होती. पण 'जिंजिव्हायटिस घेऊन जाय गे मारबत' हे चालीत बसत नाही.) शेवटी जे विषय म्हणून पाच वर्षं शिकले होते तेच तोंडातून निघालं.

"दाढदुखी!"

"घेऊन जाय गे मारबत!" गाव गरजलं.

आयुष्यातला माझा हा पहिला जाहीर उद्गार. त्यात मी स्वतःचा धंदा गावाबाहेर हाकलला.

"दवाखाना उघडाचा आहे ना तुले?" आईने हळूच विचारलं.

शिवेपलीकडे नाल्याकडे उतार आहे. लोकांनी रिवाजाप्रमाणे शेवटचा जोराचा धक्का दिला आणि हात सोडले. नेमका त्याच क्षणी वारा आला. इतकी वर्षं बाबांनी ज्याची वाट पाहिली तो, नैर्ऋत्येकडून, आला! शीड टम्म फुगलं. गाडा उतारावरून सुटला, बांधाला धडकून मोडला, आणि होडी एकटीच पुढे उडाली ती पलीकडच्या गावातल्या भाताच्या बांधीत, म्हणजे खाचरात. बांधीत पाणी भरलेलं. होडी रोपांमधून सरसर चालत गेली, पार टोकापर्यंत.

गाव "अरे अरे" करत होतं. बाबा एकटेच टाळ्या वाजवत होते. "पाह्यलं? चालते! मी म्हणत होतो ना, चालते!"

मारबतीकडे मागे वळून बघायचं नसतं, म्हणून आम्ही तडक घरी आलो. (इतक्या उत्साहाने दुसरा कोणताही रिवाज आम्ही क्वचितच पाळला असेल.) आईने अंगण झाडलं. मी फाटकापासून दारापर्यंत तीनदा चालून पाहिलं. मोकळं!

जेवायला पानं घेतली आणि बाहेर कल्ला झाला.

पलीकडच्या गावची वीसेक माणसं. त्यांच्या खांद्यावर होडी. होडीत आमच्या फांद्या. आणि आमच्या फांद्यांवर त्यांच्या फांद्या! पुढे दौलतभाऊ, म्हणजे ज्यांच्या बांधीत होडी शिरली ते, एका गालावर हात दाबून.

"गुरुजी, तुम्ही फांद्या टाकता, आम्ही काही बोलत नाई. थ्या सडून जातेत. पण हे का आहे?"

"शिडाची होडी," बाबा म्हणाले.

"थे दिसून राह्यलं! माह्या बांधीत काऊन आली?"

"वारा लागला." बाबांच्या आवाजात इतका अभिमान मी माझ्या पदवीच्या वेळीही ऐकला नव्हता.

"रोपं मोडली थे जाऊ द्या," दौलतभाऊ म्हणाले. "सकाळी होडी शिरली, अन् घंटाभरात माही दाढ ठणकाले लागली. आता मले इतकंच सांगा. दाढदुखी कोणी धाडली?"

कल्ला ऐकून माझं गावही जमलं होतं. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"तुमची पीडा तुमच्यापाशी ठेवा," दौलतभाऊंनी फर्मान काढलं. "अन् आमची बी आणली आहे, थे बी ठेवा. कुठी उतरवाची?"

मी बोट दाखवलं. इतकी वर्षं चार माणसांना तसूभर न हललेली होडी वीस चिडलेल्या माणसांनी दोन मिनिटांत उचलून कुंपणाच्या भिंतीलगत, निंबाखाली, सरळ रेषेत लावून दिली. फाटक मोकळं ते मोकळंच राहिलं! रागावलेली माणसं फार नीटनेटकं काम करतात.

दुसऱ्या दिवशी खुर्ची आली, दारापर्यंत गाडी लागली, दवाखाना उघडला. पेशंट मात्र एकही नाही. गावाचं म्हणणं साधं होतं: दोन गावांची रोगराई जिच्या अंगणात उभी आहे, तिच्याकडे औषधाला कोण जाईल? चार दिवस मी खुर्ची पुसली. पाचव्या दिवशी दौलतभाऊ आले. गाल खरबुजाएवढा झाला होता.

"मी दवाखान्यात नाई आलो," ते बाहेरूनच म्हणाले. "मी होडीची तक्रार कराले आलो."

"बसा," मी म्हटलं.

ते आत न येता तक्रारीच्या जागी, म्हणजे होडीत, जाऊन बसले. मी तिथे जाऊन त्यांचा जबडा तपासला, गोळ्या दिल्या. सूज उतरल्यावर परत आले, पुन्हा आधी होडीत बसले, मग खुर्चीत. दाढ निघाली. दुखणं थांबलं. मला वाटलं, आता माझं नाव होणार.

झालं की! दौलतभाऊंनी दोन्ही गावांत सांगितलं, "जिथून पीडा आली तिथीच जाऊन बसलो, तं तिनं वापस घेतली. डॉक्टरीन बी चांगली आहे. मंधी मंधी येत नाई."

आता दवाखान्यात गर्दी असते. माझी खोली रिकामी, होडी भरलेली. आधी होडीत घटकाभर बसल्याशिवाय कोणीही खुर्चीवर चढत नाही, आणि अर्ध्यांना तर होडीतच बरं वाटतं. ते तसेच घरी जातात. बाबा शिडाखाली उभे राहून नंबर लावतात. होडी विकायचा विषय काढला की आई म्हणते, "काऊन? चांगली चालून तं राह्यली."

मागच्या आठवड्यात माझी स्वतःची अक्कलदाढ ठणकायला लागली. मी शिकलेली बाई. गोळी घेतली, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, स्वतःचा एक्स-रे काढला. मग भर दुपारी, बाबा झोपलेत असं बघून, गुपचूप होडीत जाऊन बसले. तिथे परगावची एक म्हातारी आधीच पदर गालाला लावून बसली होती.

"डॉक्टरीन कशी आहे वो बाई?" तिने मला विचारलं. "हुशार आहे म्हणतेत, पण तोंडच उघडत नाई म्हणे. तुहा नंबर कितवा?"

सांगायला हवं होतं. वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"तुमच्यानंतर," मी म्हटलं, आणि जरा सरकून बसले.