पत्र्याचं यंत्र

निजामाची अमदानी होती, तिकडं विलायतेत लढाई पेटलेली, आन् बाजारात साधा डबा मिळायची मारामार. मी घासलेटचे रिकामे डबे कापून पेट्या आन् नरसाळी करायचो. आमचं घर औंढ्याच्या देवळातल्या पूजेचं. वडलांना आमी आबा म्हणायचो. ते म्हणायचे, "बेल वाहायच्या हातानं पत्रा ठोकून राहिलास! लोकं तोंडात शेण घालतील." दसऱ्यापासून मला पूजेला बसवायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. मला तर रुद्राच्या पहिल्या ओळीलाच जांभई यायची.

हिंगोलीत एका म्हाताऱ्या उस्तादाकडं पत्रा वाकवायचं जुनं विलायती यंत्र होतं. लोखंडी जबड्यात पत्रा धरायचा, दांडा उचलायचा, की कड अशी सरळ मुडती की बघत राहावं. माझी ठोकून काढलेली कड म्हंजे म्हाताऱ्याची बत्तिशी! उस्ताद लेकाकडं हैदराबादला निघाला होता. म्हणला, "सायकल दे दो, मशीन ले जाओ." मी सायकल तिथंच भिंतीला टेकवली.

आता आबांना काय सांगावं? खोटं बोललं तर पाप. म्हणून खरंच बोललो.

"आबा, घरात एक यंत्र आणावं म्हणतो."

आबा सावरून बसले. "कशाचं?"

"पत्र्याचं. तांब्याचा पत्रा असला तर लईच उत्तम."

"जुनं हाय का?"

"व्हय, लई जुनं."

आबांना वाटलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, देव्हाऱ्यात पुजायचं यंत्र. पोरगं सुधरलं! त्यांनी पंचांग काढून मुहूर्त दिला. आईनं देव्हाऱ्यात तळहाताएवढी जागा पुसून ठेवली आन् गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला सांगितलं.

मुहूर्तावर बैलगाडी दाराशी आली. चार गड्यांनी यंत्र उतरवलं तशी ओसरी दणाणली. आई निरांजन धरून तशीच उभी. शेजारची काकू म्हणली, "अगं बाई! हे देव्हाऱ्यात कसं मावंल?"

आबा काळेनिळे झाले. 'माघारी ने' एवढं म्हणले असते, तर यंत्र गेलं आन् मी गाभाऱ्यात. पण पोरानं आपल्याला बनवलं, हे चारचौघांत कबूल करतील ते आबा कसले! त्यांनी निरांजन घेतलं, यंत्राला हळदकुंकू लावलं, मंत्र म्हणून नारळ फोडला. सगळ्यांनी हात जोडले. मी मनातल्या मनात उड्या मारून राहिलो होतो.

खोबरं वाटून झालं. मंग आबा सगळ्यांदेखत म्हणले, "यंत्राची प्रतिष्ठा झाली. आता याला ओवळ्यानं शिवायचं न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे आंघोळ करायची, सोवळं नेसायचं, रुद्र म्हणायचा, मंगच दांडा उचलायचा. एक दिवस चुकला, तर यंत्र माघारी न्यायला गाडी हायेच."

"बराबर हाय," सगळी गल्ली म्हणली. मेल्यांना काय जातंय!

तव्हापासून गिऱ्हाईक फुटका डबा घेऊन ओसरीवर खोळंबायचं, आन् मी थंडीत कुडकुडत, सोवळ्यात, यंत्रापुढं रुद्र म्हणायचो. एखादा शब्द चुकला की आबा आतून खाकरायचे. मी मुकाट्यानं पहिल्यापासून धरायचो. दसरा आला आन् गेला, आबांनी मला पूजेला बसवायचं नावबी काढलं न्हाई; मला वाटलं, सुटलो.

पुढच्या पावसाळ्यात आबांना ताप आला. सकाळीच देवळातून माणूस आला, "आज पूजेला कोण?"

आबा पांघरुणातूनच म्हणले, "पोरगं हाय की. तयार केलंय मी त्याला."