चारही नळ्या एकदम

बाइंडिंगच्या कारखान्यात सगळे त्याला डिंक्या म्हणायचे, कारण कामाला चिकटला की सुटायचा नाही. तीनशे पुस्तकं आली की आधी तीनशेंच्या घड्या, मग तीनशेंची शिलाई, मग तीनशेंना डिंक. एकेक पुस्तक पूर्ण करत बसणाऱ्याला तो सरळ आळशी म्हणायचा.

आणि असा माणूस गेल्या वर्षी पलंगावरून पाय खाली टाकेना. डोळे टक्क उघडे, नऊ वाजून गेले तरी तसाच. बायको आधी चिडली, मग घाबरली, मग दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. उदासीवरची गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी दाढी करता करता त्याने मुलीच्या घोरण्याची नक्कल केली, तेव्हा बायको मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

डॉक्टरीणबाईंचा एक अभ्यास चालला होता. ताणाचं एक हार्मोन असतं, कॉर्टिसोल. जाग आली की ते चढतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. उदासीत काहींची ही लय बिघडते. गोळीने ती कुणाची सावरते, कुणाची नाही, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी याला चार नळ्या दिल्या. जाग आल्या आल्या, अर्ध्या तासाने, दुपारी आणि झोपताना, दर वेळी कापूस चघळून लाळ भरायची.

रिपोर्ट आला त्या दिवशी बाई रजेवर होत्या. कागद याच्याच हातात पडला. चार ठिपके, फुटपट्टी लावून मारल्यासारखे एका रेषेत. ना चढ, ना उतार.

संध्याकाळी त्याने गोळ्यांचं पाकीट बायकोपुढे ठेवलं. उद्यापासून बंद, म्हणाला. आतून काहीच बदललेलं नाही, उगाच बरं वाटल्यासारखं वाटत होतं.

पुन्हा ते छताकडे बघणं बायकोला झेपणारं नव्हतं. कागद उलटासुलटा करत तिने विचारलं, नळ्या नक्की कशा भरल्या?

"चारही एकदम. सकाळीच. परत परत कोण कापूस चघळणार? चिठ्ठ्या मात्र वेळेप्रमाणे लावल्यात हां."

बायकोने कागद खाली ठेवला. "अहो, दुपारची लाळ सकाळी कुठून आणलीत?"

मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. त्याचं तोंड मात्र एवढंसं झालं. बायकोने लगेच फोन लावला. डॉक्टरीणबाई आधी पोटभर हसल्या, मग दम भरला: गोळी मनाने बंद करायची नाही. कागद माझ्या अभ्यासाचा आहे. गोळीचं आपण तुमचं जगणं बघून ठरवू. नळ्या नव्या देते.

फोन ठेवल्यावर त्याने त्या रिपोर्टची नीट घडी घातली. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, माझं हसणंच खोटं होतं."

"खोटं हसायला तुम्हाला कधी जमलंय? माझ्या भावाच्या विनोदांवर बारा वर्षं नुसते दात दाखवताय, त्यालासुद्धा कळतं."

तो हसला. पाकीट उचललं, किती उरल्यात ते बघितलं आणि म्हणाला, परवा संपतील, उद्या येताना नवीन आणतो.