उजवीकडे वळणारी हेल्का

हेल्का तुरुनेन उडी मारायची तेव्हा आधी तिचा चेहरा उडायचा. भुवया वर जायच्या, ओठ घट्ट मिटायचे. पाय मात्र जेमतेम जमीन सोडायचे.

चार वर्षं हे असंच चाललं होतं. योएन्सू शहरातल्या बर्फाच्या रिंकवर, प्रौढ नवशिक्यांच्या फिगर स्केटिंगच्या गटात आम्ही दोघी एकाच दिवशी दाखल झालो. मी नुकतीच साहित्याची पदवी घेऊन नोकरी शोधत होते. ती त्रेपन्न वर्षांची, बेकरीत कामाला. पहिल्याच तासाला आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो.

"पोरी, तू मऊ आहेस," ती म्हणाली. "यापुढे तुझ्यावरच पडत जाईन."

तिला एकच गोष्ट हवी होती. एक उडी. हवेत वळायचं, एका पायावर उतरायचं आणि उतरल्यावर तसंच मागे घसरत जायचं. लहानपणी तिच्या वाट्याला भावाचे हॉकीचे जुने स्केट आले होते. दोन-दोन मोजे घातले तरच बसायचे. त्यांवर उडी येत नसे.

नवरा इल्पो लाकडाचा ट्रक चालवतो. "लोक या वयात मशरूम वेचायला जातात," तो म्हणायचा, "आमची बाई उडायला जाते." पण तिच्या स्केटना धार लावून आणायचा तोच.

उन्हाळ्यात रिंकवर बर्फ नसतो. तेव्हा आम्ही इमारतीमागच्या डांबरावर, साध्या बुटांत उड्या मारतो. डाव्या पायावरून उडायचं, डावीकडे वळायचं, उजव्या पायावर उतरायचं. मग हात पसरून तसंच थांबायचं. हेल्का बगळ्यासारखी क्षणभर उभी राहायची आणि कोलमडायची. डिसेंबरच्या कार्यक्रमात आमचा गट ही उडी एका ओळीत, एकदम मारणार होता. ओळीत तिलाही जागा होती. म्हणून ती बेकरीतून थेट यायची, केसांतलं पीठ न झटकता.

जूनमधल्या एका संध्याकाळी सराव संपला आणि आम्ही डांबरावर पसरलेले रबरी मॅट आवरू लागलो. कुणीतरी हेल्काला विचारलं, भट्टीतून गरम ट्रे काढताना भाजत नाही का?

"भाजायला वेळ कुठे असतो? हे बघ. इथे भट्टी, तिथे टेबल." तिने मॅटांची चळत उचलली, टुणकन उडाली, वळली आणि चळत बरोबर पलीकडे ठेवली.

विल्या, वसंतात नव्याने आलेली आमची प्रशिक्षक, दारातून परत आली. "थांब. पुन्हा कर."

"काय, मॅट परत उचलू?"

"मॅट राहू दे. नुसती उडी मार. विचार करू नकोस."

हेल्काने खांदे उडवले आणि उडी मारली. उजवीकडे. पूर्ण गिरकी घेऊन ती डाव्या पायावर उतरली. हात पसरून उभी राहिली. खांबासारखी.

टाळ्या उशिरा पडल्या.

"अगं, तू उजवीकडे वळणारी आहेस!" विल्या म्हणाली. "तुला कधी कुणी विचारलं नाही?"

"सगळ्या डावीकडे वळत होत्या. मला वाटलं, तशीच रीत असते."

ती हसली. मग मॅटांच्या ढिगावर बसली आणि तिचं हसू विरलं. विल्याने सरळच सांगितलं. बर्फावर सगळं उलट्या बाजूने पहिल्यापासून शिकावं लागेल. आणि ओळीत एकटी उजवीकडे वळली तर शेजारणीवर आदळेल. "ओळीत राहा आणि उडी सोड. नाहीतर शनिवारी येणाऱ्या नव्या नवशिक्यांत जा."

त्या आठवड्यात आम्ही तिच्याकडे सॉनात, वाफेच्या खोलीत, बसलो होतो.

"आमच्यातच राहा ना," मी म्हटलं.

"सरावानंतर तुम्ही कॉफी प्यायला जाणार. मी शनिवारी कठडा धरून चालणार." तिने तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ उसळली. "मला तुमच्यातच राहायचंय गं."

"मग राहा."

"उडी न मारता? हात पसरून, हसत?"

मी पाण्याची बादली तिच्याकडे सरकवली.

बाहेरून इल्पो ओरडला, "आत शिजलात की काय? इकडे सॉसेज करपले!"

"चार वर्षं मी तुमची उडी मारत होते, पोरी," ती उठत म्हणाली. "ती माझ्या अंगाला कशी बसणार?"

ऑगस्टमध्ये रिंकवर पुन्हा बर्फ गोठवला. ओळीत तिची जागा रिकामी राहिली. विल्याने आम्हाला एकमेकींजवळ सरकायला सांगितलं आणि ती जागा बुजली. मला ते आवडलं नाही.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी मी तिला न सांगता रिंकवर गेले. तास संपला होता. नवशिके एकेक करून बाहेर पडत होते. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र दाराशी येऊन थांबलं होतं. हेल्का एकटीच मागे राहिली होती. तिने मला पाहिलं. ओळख दाखवली नाही.

ती उजव्या पायावरून उडाली. उंची पावाएवढीसुद्धा नसेल. अर्धंच वळण. डाव्या पायावर उतरली, डगमगली, सावरली. हात पसरले आणि मागे मागे घसरत निघाली.

बर्फ रिकामा कर म्हणून यंत्रवाल्याने भोंगा वाजवला.

"वाजव!" ती ओरडली. "मी अजून उतरतेय!"