वरच्या पायरीवरची खूण

मल्लेश्वरमात कुठल्याही आडरस्त्यावर "पट्टीवाले अण्णा" म्हणून विचारा, लोक थेट नागोजींच्या दारात आणून सोडतील. मोजणी खात्यातल्या नोकरीची बत्तीस वर्षं या माणसाने एकच काम केलं. साहेब दुर्बिणीला डोळा लावून बसायचे, आणि पन्नास पावलांवर नागोजी दोन पुरुष उंच मापाची पट्टी धरून उभे. साहेब आकडा वाचायचे, कारकून वहीत उतरवायचा, की पुढचा मुक्काम. अशी गावोगावच्या जमिनीची उंची मोजत न्यायची. पट्टी जराशी कलली तरी आकडा चुकतो, म्हणून ते श्वास धरून उभे राहत. नाकावर माशी बसली तरी आपण हललो नाही असं ते सांगत. खरंखोटं ती माशी जाणे.

घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलं, असं घरात सांगतात. त्यामुळे मराठी घरात, कन्नड दारात, आणि दोन्हींची खिचडी जिभेवर. बायको पद्मावती, मुलगी स्मृती आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू, एवढाच संसार. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण "मी मोजलंय" हे दोन शब्द एकदा तोंडातून निघाले की ब्रह्मदेवालाही गप्प बसावं लागे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा तळ कारवारच्या खाली, खाडीच्या तोंडाशी एका गावात पडला होता. तिथल्या देवळाला खाडीत उतरणाऱ्या सात पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर खात्याने छिन्नीने खूण कोरली, नागोजींनी तिच्यावर पट्टी उभी केली आणि साहेबांनी आकडा सांगितला. एक मीटर बहात्तर. समुद्रापासून इतकी उंच. देवळाशेजारच्या घरात तळाचं जेवण असायचं, त्या घराशी घसट वाढली, आणि पुढे तिथल्याच नातवाला, रणजीतला, नागोजींनी स्मृती दिली. "खाडीकाठी मुलगी देता?" म्हणून नातेवाईक कुरकुरले, तेव्हा त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "घराचा उंबरा खुणेच्या बरोबरीला आहे. मी मोजलंय."

वरच्या मजल्यावर पुण्याची शमिका राहायला आली तेव्हा तर त्यांना खेळणंच मिळालं. ती एका संस्थेत किनाऱ्याचे नकाशे करायची, पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कुठवर पाणी येईल याचे. जिना उतरताना दिसली की नागोजी विचारायचे, "काय ग, आज कुठलं गाव बुडवलंस? आमचं मल्लेश्वरम ठेव हं बाई." ती हसून जायची. संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर त्यांच्या वयाचे चौघे जमायचे, तिथेही हाच विषय. तीन हजार फुटांवर बसून समुद्राची भीती कुणाला वाटणार? सगळे हसायचे आणि नागोजी सगळ्यांत मोठ्याने.

मग गेल्या वर्षी स्मृतीच्या सासरच्या गावात पंचायतीने यादी काढली. पाणी चढेल म्हणून खाडीलगतच्या बावीस घरांना मागच्या टेकडीवर जागा, ज्यांना हवी त्यांनी नाव द्यावं. देवळात सभा भरली. रणजीतने तिथून फोन लावला, "मामा, तुम्ही मोजणारे. तुम्हीच सांगा लोकांना." आणि फोन स्पीकरवर टाकला. नागोजी ओट्यावर उभे राहून भाषणाला लागले. मी स्वतः पट्टी धरली होती, एक मीटर बहात्तर, दगडावर कोरलंय, कागदावरच्या रंगापेक्षा दगडावर विश्वास ठेवा. पलीकडे हशा आणि टाळ्या. शमिका तेव्हा जिन्यावर चपला घालत होती. फोन ठेवल्यावर तिने हळूच विचारलं, "काका, एक बहात्तर म्हणजे समुद्राच्या कुठल्या पातळीपासून?" नागोजी म्हणाले, "समुद्र म्हणजे समुद्र. त्याला काय चार मजले असतात?" संध्याकाळपर्यंत बावीसच्या बावीस घरांनी नावं काढून घेतली होती. ती जागा मग दुसऱ्या वाडीला गेली.

स्मृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, नाव सिद्धी. पाचवा महिना लागला की बाळंतिणीला सासरी पोहोचवायचं, असा त्यांच्यात रिवाज. रविवार ठरला. पद्मावती लाडू वळायला बसली, दुपटी घड्या होऊन पिशवीत गेली. बुधवारी दुपारी स्मृतीच्या फोनवर रणजीतने एक व्हिडिओ धाडला.

लख्ख ऊन होतं, ढगाचा पत्ता नाही. देवळाच्या पायऱ्यांवर पाणी चढलं होतं, शांत, न खळाळता. सातातल्या पाच पायऱ्या दिसत नव्हत्या. पोरंटोरं त्यात पाय बुडवून बसली होती आणि रणजीत हसत बोलत होता, "मामांची खूण बघा, दोन पायऱ्या वर कोरडी ठणठणीत. मामा म्हणजे मामा." स्मृती हसली. पद्मावतीही हसली. नागोजींच्या हातातली कॉफी मात्र तशीच राहिली. त्या पायऱ्यांवर ते दीड महिना उठले-बसले होते. अमावास्येच्या भरतीलाही तेव्हा चार पायऱ्या कोरड्या असायच्या. खालच्या तिसऱ्या पायरीवर बसून त्यांनी कपडे धुतले होते.

तासभर ते घरात येरझाऱ्या घालत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा भाडेकरणीच्या दारावर टकटक केली. शमिका घरूनच काम करत होती. आत येऊन नागोजी खुर्चीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "तू मागे विचारलं होतंस. कुठल्या पातळीपासून ते. मला ठाऊक नाही. तूच सांग स्वल्प, थोडं समजावून."

तिने टोमणा मारला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने मारला नाही. तिने सांगितलं की समुद्र एका जागी कधीच नसतो. भरती-ओहोटी वर्षानुवर्षं मोजून तिची सरासरी काढतात, तो शून्य. अमावास्या-पुनवेची मोठी भरती त्या शून्याच्या जवळपास मीटरभर वर उभी राहते.

"म्हणजे तुमच्या एक बहात्तरातलं निम्म्याहून जास्त भरतीनेच खाल्लं, काका. उरलं त्यात लाटा, वारा, पावसाळा. आणि तो शून्य जुना आहे. तेव्हापासून समुद्र वर आलाय."

"केव्हा येईल पाणी उंबऱ्यापर्यंत?"

"तारीख मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. वाऱ्याची आणि मोठ्या भरतीची गाठ पडली, तर या पावसाळ्यातसुद्धा."

साहेबांनी आकडा वाचला, कारकुनाने लिहिला, त्यांनी नुसती पट्टी धरली होती. वही कधी उघडून पाहिली नव्हती. तो आकडा कशापासून, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. सदतीस वर्षं एक अर्धवट ऐकलेलं वाक्य ते मोजल्यासारखं सांगत आले होते. आणि त्यावर बावीस घरं टेकून बसली होती.

खाली आले ते थेट पाळण्यापाशी. सिद्धी मुठी चोखत पडली होती. सासरी तिचा पाळणा खाडीकडच्या खोलीत बांधायचा ठरला होता, वारा छान येतो म्हणून.

"स्मृती, रविवारी जाऊ नकोस," ते म्हणाले.

"का अप्पा?"

त्यांनी सगळं सांगितलं. सरासरी, भरती, शून्य. स्मृतीने ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. "अप्पा, नातीचा लळा लागलाय तुम्हाला, सरळ सांगा ना. अहो, तुम्हीच तर सांगायचा, दगडावर विश्वास ठेवा." पद्मावती पदराने डोळे टिपत म्हणाली, "मलाही तुटतंय हो आतून. पण म्हणून पोरीला घाबरवायचं का?"

शनिवारी रणजीत न्यायला आला. नागोजींनी त्याच्यासमोर हात जोडले. सासरा जावयापुढे हात जोडतो हे त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं, रणजीत गोंधळलाच. "रणजीतराव, फोन लावा. गावात सगळ्यांना बोलवा. पुन्हा स्पीकरवर टाका मला." त्याने मान राखायला लावला. देवळात पाच-सहा जण होते. नागोजी ओट्यावर त्याच जागी उभे राहिले, पण गेल्या वर्षीचा आवाज काही केल्या निघेना. "मी चुकलो. मी मोजलं नव्हतं. मी नुसता उभा होतो. ती उंची भरतीपासूनची नाही. तुम्ही पंचायतीकडे परत जा, जागा मागा, पाया पडा, पण तिथे राहू नका."

पलीकडून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "अण्णा, नात निघाली की असंच होतं. आमच्याही घरी झालं होतं. तुम्ही काळजी करू नका, पाणी खुणेखालीच आहे." आणि फोन बंद झाला. शमिकाने जिना उतरून येऊन रणजीतला नकाशा दाखवून पाहिला. त्याने नम्रपणे बघितला आणि म्हणाला, "मॅडम, असे नकाशे आमच्याकडे गेल्या वर्षी पण आले होते. मामांनीच आम्हाला सांगितलं होतं, घाबरू नका."

रविवारी सकाळी पद्मावतीने लेकीची ओटी भरली, नातीला काजळाची तीट लावली. गाडीत बसताना स्मृतीने वडिलांना नमस्कार केला. नागोजींच्या तोंडून आशीर्वाद निघेना. ते एवढंच म्हणाले, "पाळणा मागच्या खोलीत बांध. आणि अमावास्येला, पुनवेला दुपारी बाराला मला सांगायचं, किती पायऱ्या दिसतात." स्मृती म्हणाली, "सरी अप्पा, बरं, रोज सांगते."

कट्ट्यावर त्यांनी जाणं सोडलं. एकदा गेले होते, तर एकाने सवयीने विचारलं, "काय अण्णा, समुद्र आला का मल्लेश्वरमात?" चौघे हसले. हा विनोद नागोजींचाच होता, त्यामुळे रागवायची सोय नव्हती.

पुनवेला स्मृतीने सांगितलं, दोन पायऱ्या. पुढच्या अमावास्येला, दोन आणि वर थोडी ओल. मग पावसाळा लागला. आषाढातल्या अमावास्येला सकाळपासून तिकडे वारा असल्याचं बातम्यांत सांगत होते. नागोजी अकरापासून फोन मांडीवर घेऊन बसले. पद्मावतीने ताट वाढलं, ते तसंच झाकून ठेवलं. बाराला दहा मिनिटं कमी असताना त्यांनीच फोन लावला.

"किती दिसतात?"

मागे वाऱ्याचा आवाज येत होता आणि सिद्धी रडत होती. "अप्पा, एकच दिसतेय. खुणेची. नाही, थांबा... आता तीही दिसत नाही." सिद्धीचं रडणं फोनच्या अगदी जवळ आलं. "आई म्हणतायत सामान उचलू या. हे ऐकत नाहीयेत."

"रणजीतरावांना दे. दे लवकर."

फोन रणजीतच्या हातात गेला असावा, पण तो नागोजींशी बोलत नव्हता. अंगणात जमलेल्या शेजाऱ्यांना ओरडून सांगत होता, आणि त्याच्या आवाजात तीच जुनी खात्री होती, शब्दही तेच.

"कुणी हलू नका. उंबऱ्यापर्यंत येत नाही. आमच्या मामांनी मोजलंय."