निकाल वाचणारे जज्जकाका

जज्जकाकांनी चित्रपटांत किती जणांना फाशी दिली, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. पण बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा घ्यावा की कॉफी, एवढं ठरवताना त्यांना घाम फुटे. "काय घेऊ गं?" ते मला विचारत. मी चहा म्हटलं की, "कॉफीलाही वास बरा येतोय," म्हणत. रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली की घाबरून रांगच सोडून देत. मग काकू पुढे होऊन दोन चहा घेऊन येत आणि काका तो अगदी समाधानानं पीत.

ही २०१३च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा सिंगापूरला पोस्टडॉकचं संशोधन करत होते आणि बिशानमध्ये एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते. शेजारच्या फ्लॅटमध्ये काकांचा मुलगा नितीन, त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. नितीन जुरोंग ईस्टला एका कंपनीत मॅनेजर होता. काका-काकू दरवर्षी पुण्याहून काही महिने येऊन राहत. भारतातून आलेला एखादा वयस्क माणूस लिफ्टमध्ये भेटला की हमखास काकांकडे निरखून बघे आणि म्हणे, "आपको कहीं देखा है।" काका धास्तावून विचारत, "कहाँ?"

"कोट मला बसला, म्हणून मी न्यायाधीश झालो," असं ते सांगत. पन्नासच्या दशकात ते एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. मुंबईच्या एका स्टुडिओत कोर्टाचा सेट लागला होता आणि ठरलेला नट तापानं फणफणला होता. काळा कोट मात्र शिवून तयार. तो पंचविशीतल्या काकांना चपखल बसला. केसांना पावडर, नाकावर चष्मा, आणि पुढची कित्येक वर्षं इंडस्ट्रीनं त्यांना त्या खुर्चीवरून उठू दिलं नाही. अमेरिकेतली एक मोठी चित्रपट कंपनी शूटिंगसाठी भारतात आली, तिनंही त्यांना न्यायाधीशच केलं. भर उन्हाळ्यात तंबूत कोट घालून बसवलं आणि चित्रपटात दिसला तो हातोडा आपटणारा नुसता हात. "हॉलिवूडला माझा हात आवडला," ते म्हणत. पण तेव्हापासून जुने इंग्रजी चित्रपट लागले की ते नायकाकडे बघतच नसत. मागे उभा असलेला डॉक्टर, शेरीफ, हॉटेलवाला दिसला की खुर्चीत पुढे सरकत. "हा बघ, हा कालच्यात पाद्री होता. काय ऐकतोय बघ समोरच्याचं! नाव कोणाला ठाऊक असणार त्याचं?"

या कामात एक गोष्ट त्यांना फार छळत असे. त्यांना पूर्ण कथा कधी कोणी सांगत नसे. एक दिवसाचं काम, हातात निकालाचं एक पान. "हो, पण यानं खरंच खून केलाय का?" असं ते सहाय्यक दिग्दर्शकाला विचारत. "तुम्हाला काय करायचंय? वाचा," असं उत्तर मिळे. मग चित्रपट लागला की काकू मैत्रिणींबरोबर जाऊन बघून येत आणि जेवताना शांतपणे सांगत, "अहो, निर्दोष होता तो. त्याच्या धाकट्या भावानं केला होता." काकांना ते जेवण गोड लागत नसे. काकू हे सांगताना अजूनही पदर तोंडाला लावून हसत. काका हसत नसत. म्हणत, "पण मला आधी कळायला नको का?"

घरातलं सगळं काकूच ठरवत. कुठल्या विमानानं यायचं, काकांनी कुठला शर्ट घालायचा, रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर.

त्या वर्षी मेच्या सुट्टीत नितीन बायको-मुलीला घेऊन मेलबर्नला निघाला. सकाळी ते टॅक्सीत बसले. काका-काकू खाली जाऊन हात हलवून आले. तीन-चार तासांनी माझ्या दाराची बेल वाजली आणि वाजतच राहिली. उघडलं तर काका. बोट बेलवरून निघत नव्हतं.

"सुमन पडलीय. दोडका चिरत होती. मी गॅस बंद करू का?"

स्वयंपाकघरात काकू कुशीवर पडल्या होत्या. एक डोळा अर्धवट उघडा होता, घशातून घरघर येत होती. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. काका दाराबाहेर जात, आत येत, पुन्हा बाहेर जात. अॅम्ब्युलन्समध्ये त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला दोनदा विचारलं, "मी इथे बसलो तर चालेल ना? तिकडे बसू का?"

हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या आणि एक तरुण चिनी डॉक्टर बाहेर आली. ती इंग्रजीत सावकाश बोलली. काकांना इंग्रजी कळत होतं, तरी प्रत्येक वाक्यानंतर ते माझ्याकडे बघत आणि मी ते मराठीत सांगे. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन केलं तर जीव वाचण्याची शक्यता होती; पण चालणं-बोलणं परत येईलच असं नाही. नाही केलं तर फार वेळ उरला नव्हता.

"पुढे काय करायचं ते आम्ही डॉक्टर ठरवू," ती म्हणाली, "पण त्या बोलू शकत नाहीत. तुम्ही त्यांना सगळ्यात जास्त ओळखता. त्यांना काय हवं असतं?"

"मुलगा येऊ दे," काका म्हणाले.

मी नितीनला फोन लावला. बंद. ते सगळे अजून समुद्रावर कुठेतरी उडत होते. डॉक्टरनं मान हलवली, तेवढं थांबता येणार नव्हतं.

काका माझ्याकडे वळले. "तू सांग. तू शिकलेली आहेस."

"मी कशी सांगू, काका?"

त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पडद्यावर ज्या आवाजानं थिएटर गप्प होई, त्यातलं काही शिल्लक नव्हतं. डॉक्टर थांबली होती; तिनं घाई केली नाही. अखेर काका भिंतीकडे बघत बोलू लागले.

"इथे पहिल्यांदा आलो ना, तर दुसऱ्याच दिवशी ती एकटी एमआरटीच्या गाडीनं लिटल इंडियात गेली. मी म्हणत होतो, नको जाऊस, चुकशील. ती म्हणाली, 'गेल्याशिवाय कसं कळणार?' मी दाराशी उभा. दुपारी मेथीच्या दोन जुड्या घेऊन आली." ते थांबले. "तिला जाऊन बघायचं असतं. यांना सांग, करा म्हणावं." मग मी काही सांगायच्या आत ते स्वतःच डॉक्टरला म्हणाले, "प्लीज. डू इट."

काकू वाचल्या. उजवा हात आणि पाय गेला, आणि 'अहो' व 'नको' एवढे दोनच शब्द राहिले. नितीन म्हणाला, "बाबा, मी असतो तरी हेच सांगितलं असतं." नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी इज ओके, लाह! यू डोन्ट वरी." काका मान हलवत. ते काकूंना भरवायला शिकले, वेणी घालायला शिकले. पण मी विद्यापीठातून परतताना कॉमन कॉरिडॉरमध्ये मला गाठत आणि आवाज खाली आणून विचारत.

"आज डोळ्यांत पाणी आणून 'नको' म्हणाली. कशाला म्हणाली असेल गं?"

"भात नको झाला असेल, काका."

"ताट अजून वाढलं नव्हतं."

मी कुलपाशी चावी घेऊन उभी राही आणि ते माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत.

काकूंना प्रवास झेपेल असं डॉक्टरांनी सांगितल्यावर दोघं पुण्याला परतले. चांगी विमानतळावर मी सोडायला गेले होते. काकूंनी डाव्या हातानं माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. काकांनी त्या दिवशी मला वाकून नमस्कार करू दिला नाही, आधीच जवळ घेतलं. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

दोन वर्षांनी काकू गेल्या. नितीननं मला कळवलं. मी लगेच फोन करू शकले नाही. पंधरवडा गेल्यावर केला. काकांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"दोन वर्षं मिळाली," ते म्हणाले. "तिला फार जड गेली. शेवटी शेवटी तर भिंतीकडे तोंड करून पडायची. मला मात्र हवी होती गं ती दोन वर्षं. रोज सकाळी ती दिसायची." मग ते म्हणाले, "त्या डॉक्टरनं मला विचारलं होतं, तिला काय हवंय. मी तिचं सांगितलं, की माझं?"

मी म्हणाले, "काका, मेथीची गोष्ट तर खरी होती ना?"

"हो, ती खरी होती," ते म्हणाले. "अगदी खरी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "थांब हं, गॅस बंद करून येतो. ठेवू नकोस." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग सपाता घासत जाणारी पावलं, भांड्याचा आवाज, नळ. वरणभाताचं एकट्याचं ताट वाढत असावेत. मी अजून सिंगापूरलाच होते, आणि आंग मो किओमधल्या ऑफिसात माझी मीटिंग सुरू होऊन गेली होती. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.

पावलं परत आली.

"आहेस ना?"

"आहे, काका."