बेबीचा संप

शाळेतून आलो तर विक्रोळीच्या चाळीत आमच्याच दारात सात-आठ बायका जमलेल्या. म्हटलं, कुणीतरी गेलं... तर तसं काही नव्हतं. माझ्या बहिणीला सहा दिवस शी झाली नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बारा वर्षांचा, बेबी चारची. बातमी तिन्ही मजल्यांवर रेडिओच्या आधी पोचली होती.

जो भेटेल तो तिचा गालगुच्चा घेऊन विचारायचा, "काय गं, झाली का?" ती पाय आवळून खांबामागे जायची आणि लालबुंद व्हायची. सगळ्यांना वाटे, पोरगी जोर करतेय... ती रोखून धरत होती.

उपायांना तोटा नव्हता. एरंडेल पाजून झालं, बेंबीवर हिंग लावून झाला. शेजारच्या काकू मागून सरकवायला साबणाची कांडी घेऊन आल्या, तशी बेबी पलंगाखाली शिरली. पोट नगाऱ्यासारखं झालेलं, खाणं बंद. आई स्टोव्हकडे तोंड करून रडायची, म्हणजे आम्हाला वाटावं रॉकेलचा धूर.

शेवटी स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोट तपासलं, आईला गप्प बसवलं आणि थेट बेबीलाच विचारलं, "तिकडे गेल्यावर काय होतं गं तुला?"

बेबीने टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवला. मग म्हणाली, "दुखतं... आणि दादा दार वाजवतो."

दादा म्हणजे मी.

आता खुलासा करणं भाग आहे. आमच्या मजल्यावर बारा बिऱ्हाडं आणि दोन संडास. बाहेर पाण्याचे डबे घेतलेल्यांची रांग, आणि आतला माणूस दोन मिनिटांत निघाला नाही तर रांगेतल्या पहिल्याने दार बडवायचं, हा चाळीचा कायदा. बेबी बालवाडीत जायला लागली तसं तिचं गॅलरीत पेपरवर बसणं बंद झालं आणि तिला संडासात बढती मिळाली. माझी शाळा सकाळी सातची. सख्ख्या बहिणीलाही मी सवलत दिली नव्हती... न्याय म्हणजे न्याय.

बाईंनी शी मऊ करणारं औषध दिलं. म्हणाल्या, "एकदा दुखलं म्हणून ती रोखते, रोखलं की आणखी कडक होते. रोज जेवण झालं की नुसतं बसवा. झाली नाही तरी रागवायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही." मग माझ्याकडे वळून, "तू बाहेर पहाऱ्याला."

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दुपारी आई बेबीचे हात धरून आत, मी बाहेर. तेवढ्यात सावंतमामा आले. गिरणीतून रिटायर झालेले, आवाज भोंग्यासारखा, आणि दार बडवण्यात त्यांचा हात धरणारा चाळीत कुणी नव्हता. दुसरा संडास तुंबलेला. हातात डबा, कपाळावर घाम... मामांना चांगलीच घाई होती.

"आत कोण रे?"

"बेबी."

उचललेला हात हवेतच राहिला. त्यांनी डबा आवाज न करता खाली ठेवला. मग दाराशी वाकून, त्यांच्या मानाने कुजबुजत, म्हणजे खालच्या मजल्यावर जेमतेम ऐकू जाईल इतपतच, म्हणाले, "सावकाश हां गो बाय. माका काय घाई नाय."

आणि उभे राहिले. या पायावरून त्या पायावर, ओठ आवळून, डोळे मिटून... चांगली दहा मिनिटं. इतकं सुंदर खोटं बोलणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आतून आधी बेबीचं कण्हणं आलं. मग आईचा रडका-हसरा आवाज, "झाली गं बाई, झाली!"

"शाब्बास गो बाय माझी!" मामा ओरडले, आणि आई बेबीला घेऊन बाहेर पडते न पडते तोच आत गडप झाले.

औषध पुढे दोन-तीन महिने चाललं. मधे एकदा गाडी पुन्हा अडली, पण बेबीचं ते खांबामागे जाणं हळूहळू सुटलं. आईचा धूरही.

त्यागाच्या मोठमोठ्या गोष्टी नंतर पुष्कळ ऐकल्या, बहुतेक स्टेजवरून. पण पोटात कळ येत असताना एका चार वर्षांच्या पोरीसाठी दार बडवायचा आपला हक्क सोडणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय... मामा, तुमचे आभार मानायचे राहिले होते.