अठरा सेकंद पुसले, बाकी ठेवलं

ऑफिसात तिला सगळे कुलूपताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे नुसतं कुलूप. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं.

बारा वर्षं तिने हेडफोन लावून लोकांच्या शिव्या गोड आवाजात झेलल्या. गिझर पेटत नाही, पाणी तापत नाही, दुरुस्तीचा माणूस फिरकलाच नाही. शेवटी घसा बसला तो कायमचाच. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं आवरा. तेव्हा कंपनीने तिला मागच्या बिनखिडकीच्या खोलीत, रेकॉर्डिंग सांभाळायला बसवलं. कोणी कुठला कॉल उघडला, कधी आणि कशासाठी, याची नोंद झाल्याशिवाय ती साहेबांनाही काही ऐकू देत नसे. घरी सासूबाई रोज विचारायच्या, "आज काय ऐकलंस गं? एखादं तरी सांग." ही भाजी चिरता चिरता म्हणायची, "काही नाही, कुलपं घातली आणि आले." सासूबाईंचा जीव नुसता तळमळायचा.

त्या मंगळवारी सुपरवायझर स्वतः तिच्या खोलीत आला. एरवी हा माणूस जागेवरून हुकूम सोडायचा, त्यामुळे तिच्या मनात पाल चुकचुकली.

"ताई, गेल्या गुरुवारचा एक कॉल आहे, त्या नव्या मुलीचा. कार्डाचा नंबर रेकॉर्ड झालाय त्यात. उडवून टाका."

वरवर पाहता यात वावगं काही नव्हतं. ग्राहक कार्डाचा नंबर सांगू लागला की जो बोलत असेल त्याने बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवायचं, नंबर झाला की पुन्हा सुरू करायचं. विसरलं, तर नंबर पुसणं हे कुलूपताईचं काम. पण पुसण्याआधी ऐकायचं, ही तिची खोड. तो गेल्यावर तिने त्याच्या नावानिशी नोंद केली आणि हेडफोन चढवला.

गिझर लावला की गॅसचा वास येतो, असं एक बाई सांगत होती. नवी मुलगी घाईने म्हणाली, "मॅडम, तो वापरू नका. थांबा, मी साहेबांना देते." मग सुपरवायझरचा आवाज. "नव्या गिझरला येतोच थोडा वास. खुशाल वापरा. सोमवारी माणूस पाठवतो." त्यानंतर दुरुस्तीचे पैसे भरायला बाईने कार्डाचा नंबर सांगितला, अठरा सेकंद. बटण दाबायचं राहिलं होतं ते त्याच्याच हातून.

शनिवारी त्या बाईच्या बाथरूममध्ये भडका उडाला होता. दोन्ही हात भाजले. घरच्यांची तक्रार आली आणि ऑफिसभर एकच बोभाटा, की नव्या मुलीने 'वापरा' म्हणून सांगितलं. बुधवारी तिची चौकशी होती, आणि नोकरी जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पोरगी जिन्यात बसून रडत होती, "मी तसं म्हटलंच नाही," आणि तिचं ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती.

कुलूपताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नियम तिला तोंडपाठ होता. नंबर पुसायचा. अख्खा कॉल पुसायचा, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लोक कंटाळा करून तसं करत, एवढंच. तिने मोजून अठरा सेकंद काढले. मग कॉलवर 'तक्रार' अशी खूण केली. ती खूण एकदा लागली की तीन वर्षं तो कॉल कोणालाच पुसता येत नाही. तिलासुद्धा.

जेवणानंतर सुपरवायझर पुन्हा हजर. "झालं का?"

"नंबर पुसला, साहेब."

"आणि कॉल?"

"तो आहे."

त्याने दार लोटून घेतलं. "ताई, तुमचा घसा हा असा. ही खोली गेली तर कुठे जाल?"

"ते माझं मी बघेन. कॉल पुसायचाच असेल तर लेखी द्या. कारण लिहा, खाली सही करा, मी वर पाठवते."

सही करायला तो काही धजला नाही.

बुधवारी चौकशीच्या खोलीत तिने स्वतः स्पीकर जोडला. "खुशाल वापरा," असं स्पष्ट ऐकू आलं, आणि टेबलाभोवती कोणी मान वर करेना. नवी मुलगी ओंजळीत तोंड लपवून रडली. मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, "बरं. मुलीचा दोष नाही. पण हे आता काढून टाका."

"निघत नाही, साहेब," कुलूपताई म्हणाली. "आणि निघत असतं तरी मी काढलं नसतं."

मुलीची नोकरी वाचली. सुपरवायझरला समज देऊन सोडलं. खोली गेली ती कुलूपताईची. सोमवारपासून पुन्हा फोनवर, नव्या मुलीच्या शेजारच्या खुर्चीत. त्या सकाळी सासूबाईंनी काही विचारलं नाही. गुळण्यांसाठी गरम पाणी तेवढं पुढे केलं.

पहिला फोन वाजला. समोरच्या कागदावरचं ठरलेलं वाक्य तिने बसक्या आवाजात जसंच्या तसं वाचलं, "आपलं बोलणं रेकॉर्ड होत आहे." सुपरवायझर मागेच उभा होता. तिने खुर्ची वळवली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि कागदावर नसलेलं एक वाक्य पुढे जोडलं.

"आणि ते जपून ठेवलं जातं."